लष्कराची वस्ती ते सार्वजनिक बाग: जमीन कोणाची, घर कोणाचं, सावली कोणाची?

कॅन्टोन्मेंटमधला नागरी भाग महापालिकेला जोडण्याची चर्चा पुण्यात अधूनमधून रंगते. पण लष्कराच्या जागेवर सर्वांसाठी बाग होते कशी? आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांचं काय होतं? तैपेई, सॅन फ्रान्सिस्को, मुंबई आणि उल्हासनगरची उदाहरणं घेऊन समजून घेऊया.

इंदापूरकडून यवतमार्गे या, नाहीतर निरवांगीहून बारामती, जेजुरी, सासवड असा रस्ता धरा. पुण्यात शिरताना हडपसरला दोन्ही वाटा एकत्र येतात. हडपसर मागे पडलं की थोड्याच वेळात रस्त्याकडेचं चित्र बदलतं. इमारतींची दाटी कमी होते, जुनी मोठी झाडं दिसू लागतात, लांबलचक कुंपणं सुरू होतात. रेसकोर्स, पूलगेट, गोळीबार मैदान. नावांवरूनच कळतं, आपण पुण्याच्या 'लष्कर' भागात आलोय.

या भागाचं पुढे काय होणार, हा प्रश्न फक्त तिथे राहणाऱ्यांचा नाही. पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातून शिकायला, नोकरीला किंवा दवाखान्यासाठी पुण्यात येणाऱ्याला दाट शहरात मोकळा श्वास घेता येईल अशा ज्या मोजक्या जागा उरल्यात, त्यातल्या बऱ्याच या पट्ट्यात आहेत.

विलीनीकरणाचा विषय निघाला की दोन मागण्या हमखास येतात. एक, घरं आणि दुकानांवरचे जुने निर्बंध उठवा. दुसरी, मोकळ्या जागा आणि झाडं वाचवा. दोन्ही रास्त आहेत. अडचण अशी की अनेकदा दोन्ही मागण्या एकाच जमिनीबद्दल असतात.

आधी पार्श्वभूमी: कॅन्टोन्मेंटचं नेमकं काय चाललंय?

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट जवळ आला. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने पुण्याच्या पूर्वेला आणि खडकीला कायमचा तळ ठोकला. शिपायांच्या राहण्याच्या रांगा म्हणजे 'लाइन्स', अधिकाऱ्यांसाठी मोठ्या आवाराचे बंगले, आणि या सगळ्यांना लागणारा माल पुरवणारा 'सदर बाजार'. पुणे कॅम्पची ही रचना आजही नकाशावर स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात अशी ७ कॅन्टोन्मेंट आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. त्यांचा कारभार कॅन्टोन्मेंट कायदा, २००६ नुसार चालतो. बोर्डाचे अध्यक्ष लष्करी अधिकारी असतात.

एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या योल कॅन्टोन्मेंटची अधिसूचना रद्द झाली आणि देशातल्या कॅन्टोन्मेंटची संख्या ६२ वरून ६१ वर आली. धोरण साधारण असं: लष्कर वापरतं तो भाग 'मिलिटरी स्टेशन' म्हणून लष्कराकडे राहील आणि नागरी वस्तीचा भाग शेजारच्या नगरपालिका किंवा महापालिकेत जाईल.

२०२४ च्या मध्यात संरक्षण मंत्रालयाने याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवली. नागरी सुविधांसाठी उभारलेली मालमत्ता राज्याला किंवा स्थानिक संस्थेला मोफत मिळेल. मात्र जिथे लागू असेल तिथे जमिनीची मालकी केंद्र सरकारकडेच राहील. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

इथे सातबारा चालत नाही का?

निरवांगीसारख्या गावात एखादी जमीन कोणाची हे बघायचं तर आपण सातबारा काढतो. गायरान असेल तर तसं लिहिलेलं असतं. कॅन्टोन्मेंटमध्ये त्यासाठी वेगळी नोंदवही बघावी लागते: जनरल लँड रजिस्टर, म्हणजेच जीएलआर. १९३७ च्या नियमांनुसार त्यात जमिनीचे वर्ग पाडलेले असतात. सोप्या भाषेत ते असे:

ए-१: लष्कर प्रत्यक्ष वापरतं ती जमीन. बराकी, क्वार्टर्स, कार्यालयं, प्रशिक्षणाची मैदानं.

ए-२: लष्कर आज वापरत नाही, पण इतरांनी कायमची वापरायला लष्कराची विशिष्ट हरकत आहे, अशी जमीन.

बी-१ आणि बी-२: केंद्राच्या इतर खात्यांकडे किंवा राज्य सरकारकडे असलेली जमीन.

बी-३: खासगी लोकांच्या ताब्यात, पण मालकी हक्क केंद्राने स्वतःकडे राखलेली जमीन. भाडेपट्टे आणि 'ओल्ड ग्रँट'चे बंगले यात येतात.

बी-४: वरच्या कुठल्याच वर्गात न बसणारी जमीन.

सी: कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे दिलेली जमीन. रस्ते, मंडई, उद्यानं वगैरे.

यातला 'ओल्ड ग्रँट' हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. ब्रिटिश काळात अधिकाऱ्यांना राहायला घरं हवी होती, पण सरकारला ती बांधायची नव्हती. म्हणून खासगी लोकांना सांगितलं गेलं: घर तुम्ही बांधा, ते घर तुमचं, जमीन मात्र सरकारची. गरज पडली तर महिन्याभराची नोटीस देऊन आणि मंजूर बांधकामाचा मोबदला देऊन सरकार ती परत घेऊ शकतं. पिढ्यानपिढ्या त्या बंगल्यात राहणाऱ्या कुटुंबाकडे घराची कागदपत्रं असतात, पण पायाखालची जमीन त्यांची नसते.

म्हणजे एकाच भिंतीच्या आत दोन मालक. शांततेच्या काळात हे चालून जातं. जमिनीचा वापर बदलायची वेळ आली की प्रश्न उभा राहतो. हाच प्रश्न तैवानच्या राजधानीत सर्वांत तीव्रपणे उभा राहिला.

तैपेई: आरक्षण बागेचं, वस्ती सैनिकांची

तैपेईच्या मध्यभागी दाआन फॉरेस्ट पार्क नावाची बाग आहे. क्षेत्रफळ सुमारे २६ हेक्टर, म्हणजे साधारण ६४ एकर. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या दीडपटीहून थोडी मोठी. चारही बाजूंनी महागडी घरं, मोठे रस्ते, आणि खाली मेट्रोचं स्टेशन. आज ती बघताना वाटतं, ही इथे पूर्वीपासूनच असावी.

पण १९९२ च्या सुरुवातीपर्यंत इथे झाड शोधावं लागलं असतं. इथे एकमेकांना चिकटलेली हजारो माणसांची घरं होती.

गोष्ट सुरू होते १९३२ ला. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं. जपानी प्रशासनाने तैपेईचा मोठा विकास आराखडा केला, त्यात १७ उद्यानांसाठी जागा राखल्या. दाआनची जागा होती 'उद्यान क्रमांक ७'. आरक्षण पडलं, बाग मात्र झाली नाही. मग दुसरं महायुद्ध आलं, जपान हरला आणि तैवान चीनच्या राष्ट्रवादी सरकारकडे गेलं.

१९४९ मध्ये चीनमधल्या यादवी युद्धात माओच्या फौजांपुढे चँग कै-शेक यांचं सरकार हरलं आणि तैवानला आलं. त्यांच्यासोबत सैनिक, अधिकारी आणि त्यांची कुटुंबं मिळून दहा लाखांहून जास्त माणसं बेटावर उतरली. त्यांना वाटत होतं, दोन-चार वर्षांत परत जायचंय. त्यामुळे घरंही तशीच बांधली गेली: बांबू, माती, पातळ भिंती, एकाला लागून दुसरं. सैनिकांच्या कुटुंबांच्या या वस्त्यांना तिथे 'च्वानत्सुन' म्हणतात. तैवानभर अशा आठशेहून अधिक वस्त्या झाल्या.

एवढ्या माणसांना राहायला मोकळी सरकारी जमीन कुठे होती? उद्यानाच्या आरक्षणात. उद्यान क्रमांक ७ वर अशाच सैनिकी वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या कडेकडेने इतरांनी बिनपरवाना घरं बांधली.

परतीची वाट बंदच राहिली. दोन-चार वर्षांची चाळीस झाली. वस्तीत मुलं जन्मली, मोठी झाली. एका गल्लीत शांतुंगचं कुटुंब, शेजारी सिचुआनचं, पलीकडे हुनानचं. बोली वेगळ्या, जेवण वेगळं, भिंत एकच. आपल्याकडे गिरणगावातल्या चाळीत कोकण, घाट आणि देशावरची कुटुंबं एकत्र नांदली, तसंच काहीसं. मात्र ही घरं सरकारने राहायला दिलेली होती. राहण्याचा हक्क होता, जमिनीची मालकी नव्हती.

मग बाग झाली कशी?

१९८० च्या दशकात तैवान श्रीमंत झालं, तैपेई दाट झालं आणि जमिनीचे भाव आकाशाला भिडले. जुन्या आराखड्यातल्या 'क्रमांक ७' ची आठवण पुन्हा निघाली. तिथे भव्य क्रीडागृह बांधायचं की झाडं लावायची, यावर मोठा वाद झाला. पर्यावरणाचा आग्रह धरणारे नागरिक जंगलाच्या बाजूने उभे राहिले आणि अखेर झाडं जिंकली. हुआंग ता-चौ हे तेव्हा महापौर होते.

१९९२ मध्ये वस्ती पाडली गेली. २९ मार्च १९९४ ला बाग लोकांसाठी खुली झाली. १९३२ च्या आरक्षणापासून धरलं तर ६२ वर्षांनी.

पहिल्या दिवसांतली ती बाग कशी होती, हे एका सिनेमात कायमचं नोंदलं गेलंय. दिग्दर्शक त्साई मिंग-लियांग यांच्या 'व्हीव्ह लामूर' या १९९४ च्या सिनेमाचा शेवट याच बागेत चित्रित झाला. चिखल, उघडी माती, नुकतीच लावलेली काठीसारखी झाडं आणि बाकावर बसून बराच वेळ रडणारी एक तरुणी. सिनेमाला त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला.

वाद तिथेच थांबला नाही. जुन्या जागेवर शिल्पकार यांग यिंग-फेंग यांनी घडवलेली बोधिसत्त्व गुआनयिनची मूर्ती होती. सार्वजनिक बागेत धार्मिक मूर्ती नको म्हणून ती हलवायचं ठरलं. बौद्ध भिक्षुणी चाओ-ह्वेई आणि इतरांनी उपोषण केलं. शेवटी तोडगा निघाला: मूर्ती कलाकृती म्हणून राहील, पण तिथे धूप-उदबत्ती आणि पूजाअर्चा होणार नाही. हजारो घरं गेली, मूर्ती राहिली. मूर्तीच्या बाजूने संघटित आवाज होता, हे त्यामागचं एक कारण मानायला हरकत नाही.

घरं पाडली की लगेच झाडं का वाढत नाहीत?

हा भाग बहुतेक चर्चांमध्ये सुटतो, म्हणून थोडं थांबूया.

चाळीस वर्षं वस्ती असलेली जमीन शेतासारखी नसते. तिच्यात विटांचे तुकडे, काँक्रीट, चुना, जुने पाइप असतात. पाडकाम करताना जड यंत्रं फिरतात आणि माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत हवेच्या आणि पाण्याच्या पोकळ्या उरत नाहीत. पाऊस पडला की पाणी वरच साचतं आणि उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी होते. मुळं खोल जाऊ शकत नाहीत, वरच्यावर पसरतात. मग वादळात झाड आडवं होतं. नांगरट न केलेल्या, रोज गाडी जाणाऱ्या बांधावर पीक का येत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

दाआनमध्येही हेच झालं. बाग खुली झाल्यावर अनेक वर्षांनी माती मोकळी करण्याचं आणि पाण्याचा निचरा सुधारण्याचं काम हाती घ्यावं लागलं. नंतर तिथे काजवे परत आणण्याचा प्रयोगही झाला. शहराच्या मध्यभागी काजवे दिसणं ही आज तिथल्या लोकांच्या कौतुकाची गोष्ट आहे.

थोडक्यात, बागेचं उद्घाटन एका दिवसात होतं, पण माती तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागू शकतात. उभी झाडं असलेली जागा वाचवणं हे पाडून पुन्हा लावण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडतं.

तैपेईतलाच दुसरा प्रसंग: उद्यान क्रमांक १४ आणि १५

दाआननंतर तीनच वर्षांनी, मार्च १९९७ मध्ये, तैपेईत आणखी दोन आरक्षणं मोकळी करण्यात आली. जपानी काळात तिथे दफनभूमी होती. १९४९ नंतर चीनमधून आलेल्या माजी सैनिकांनी आणि इतर गरिबांनी कबरींच्या मधल्या जागेत झोपड्या बांधल्या होत्या. तेव्हाचे महापौर चेन श्वी-बियान यांनी वस्ती हटवण्याचा निर्णय घेतला. आधी पुनर्वसन, मग पाडकाम, अशी मागणी करत विद्यार्थी आणि नगररचनेचे प्राध्यापक रस्त्यावर उतरले. पाडकाम थांबलं नाही. त्याआधी वस्तीतल्या एका वृद्ध माजी सैनिकाने आत्महत्या केली होती.

आज तिथे दोन छान बागा आहेत. दुपारी लोक सावलीत बसलेले असतात. त्या सावलीचा फायदा खरा आहे, आणि तिची किंमत कोणी मोजली हेही तितकंच खरं आहे.

माजी सैनिकांच्या मतांचं वजन म्हणा, पण त्याआधीच १९९६ मध्ये तैवानने जुन्या सैनिकी वस्त्यांच्या पुनर्बांधणीसाठी स्वतंत्र कायदा केला होता. त्यात नोंद असलेल्या मूळ रहिवाशांना अनुदानासह नवं घर घेण्याचा हक्क मिळाला. पण कागदावर नाव नसलेल्या, कडेने राहणाऱ्या लोकांना तो कायदा कमीच उपयोगी पडला.

त्याच वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोत

१९९४ मध्येच अमेरिकेत अगदी वेगळ्या पद्धतीने हाच बदल झाला. सॅन फ्रान्सिस्कोतलं प्रेसिडिओ हे १७७६ पासूनचं लष्करी ठाणं. आधी स्पेनचं, मग मेक्सिकोचं, नंतर अमेरिकेचं. जवळपास १,५०० एकर जागा, समुद्रकिनारा, गोल्डन गेट पुलाचा पायथा आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी बांधलेली शेकडो घरं.

इथे १९७२ मध्येच कायद्यात लिहून ठेवलं होतं: लष्कराला ही जागा नकोशी होईल तेव्हा ती राष्ट्रीय उद्यानाकडे जाईल. त्या वेळी लष्कर हलण्याची चिन्हंही नव्हती. १९८० च्या दशकाच्या शेवटी तळ बंद करण्याच्या यादीत प्रेसिडिओचं नाव आलं, तेव्हा 'जागा कोणाला' हा वाद उरलाच नव्हता. १ ऑक्टोबर १९९४ ला जागा उद्यान विभागाकडे गेली.

प्रश्न पैशांचा होता. एवढी जागा सांभाळायची कशी? १९९६ मध्ये संसदेने 'प्रेसिडिओ ट्रस्ट' स्थापन केला आणि अट घातली: २०१३ पर्यंत स्वतःच्या पायावर उभे राहा. ट्रस्टने सैनिकी घरं आणि बराकी सरसकट पाडल्या नाहीत. दुरुस्त करून भाड्याने दिल्या. त्या भाड्यातून बागेचा खर्च निघू लागला आणि मुदतीत अट पूर्ण झाली. २०२२ मध्ये तिथे महामार्गाच्या बोगद्यांवर १४ एकरांची नवी बागही खुली झाली.

यातही खोट आहे. ही घरं बाजारभावाने भाड्याने जातात, त्यामुळे तिथे राहणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही. शिवाय तिथले सैनिक बदलीवर येणारे-जाणारे होते. चाळीस वर्षं एकाच घरात राहिलेली कुटुंबं उठवावी लागली नाहीत. म्हणून प्रेसिडिओचा नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: निर्णय आधी, आणि देखभालीचे पैसे कुठून येणार ते पहिल्या दिवशीच ठरवणं.

आपल्याकडे काय झालं?

महाराष्ट्रातही लष्कराच्या जागांनी वेगवेगळी वळणं घेतली आहेत.

मुंबईची मैदानं: फोर्टच्या तटबंदीबाहेर एस्प्लनेड नावाची मोकळी जागा होती. शत्रू आला तर तोफांच्या माऱ्यात आड काही येऊ नये म्हणून ती रिकामी ठेवलेली. १७ फेब्रुवारी १८०३ ला फोर्टमध्ये मोठी आग लागली, त्यानंतर ही मोकळी जागा आणखी वाढवली गेली. तिथे पक्कं बांधकाम नको, म्हणून उन्हाळ्यात अधिकारी आणि इतर गोरे लोक तंबू ठोकत, बांबूचे तात्पुरते बंगले उभारत. पावसाळा आला की ते मोडावे लागत. जवळच नौदलाच्या मरीन बटालियनची वस्ती होती, त्यावरून मरीन लाइन्स हे नाव पडलं.

१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तटबंदी पाडली. काही भागावर इमारती आल्या, पण मधला पट्टा मोकळा राहिला. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्याचीच चार तुकड्यांतली रूपं. १९९० च्या दशकात ओव्हलची दुरवस्था झाली तेव्हा आसपासचे रहिवासी कोर्टात गेले आणि पुढे देखभालीची जबाबदारीही त्यांनी घेतली. २०१८ मध्ये ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. लष्कराच्या गरजेने रिकामी राहिलेली जागा पुढे मुलांच्या क्रिकेटला मिळाली.

उल्हासनगर: दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींमध्ये राहायला जागा दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली. लोक आजही पत्ता 'कॅम्प नंबर ३', 'कॅम्प नंबर ५' असाच सांगतात. त्या काळात माणसांच्या डोक्यावर छप्पर देणं हाच योग्य निर्णय होता. पण वाढीचं नियोजन झालं नाही. बराकींवर मजले चढले आणि अखेर २००६ मध्ये फक्त या शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याला वेगळा कायदा करावा लागला.

एम्प्रेस गार्डन: पुण्यातली ही बाग मुळात सैनिकांच्या विरंगुळ्यासाठी होती. तिचं जुनं नावच 'सोल्जर्स गार्डन'. राणी व्हिक्टोरिया 'एम्प्रेस' झाल्यावर नाव बदललं. आज सुमारे ३९ एकरांच्या या बागेत शाळांच्या सहली येतात, दरवर्षी फुलांचं प्रदर्शन भरतं. तिचा कारभार ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी संस्था बघते. जागा टिकली, कारण तिला सांभाळणारं कोणीतरी सतत होतं.

फरक नेमका कुठे पडला?

ही सगळी उदाहरणं शेजारी ठेवली तर एक गोष्ट ठळक दिसते. बाग होणार की नाही, हे लष्कर निघून जातं त्या दिवशी ठरत नाही. ते त्याच्या कितीतरी आधी ठरतं. प्रेसिडिओत २२ वर्षं आधी कायदा होता आणि तो पाळला गेला. दाआनला ६० वर्षं आधी आरक्षण होतं, पण सरकारनेच त्यावर माणसं बसवली. नंतर त्याच माणसांना 'आरक्षणात राहता' असं सांगितलं गेलं.

आरक्षण नुसतं कागदावर ठेवून भागत नाही, हे आपल्यालाही नवीन नाही. महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यातलं कलम १२७ बघा. विकास आराखड्यात खासगी जमिनीवर बागेचं आरक्षण पडलं आणि १० वर्षांत ती संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. राज्यातल्या अनेक शहरांत बागांसाठीच्या जागा अशा हातच्या गेल्या आहेत.

गावाकडे याचं रूप म्हणजे गायरान. वर्षानुवर्षं घरं होऊ दिली जातात, वीज आणि नळ दिले जातात, मतंही घेतली जातात. मग २८ जानेवारी २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग खटल्यातला निकाल येतो, पाठोपाठ राज्याचा आदेश येतो आणि नोटिसा निघतात. सामायिक जमीन वाचली पाहिजे, यात दुमत नाही. पण उशीर सरकारचा आणि किंमत मात्र शेवटी उभ्या असलेल्या माणसाची, हे तैपेईत झालं तेच इथेही होतं.

पुणे आणि इतर कॅन्टोन्मेंटमध्ये आता काय बघायचं?

विलीनीकरण होईल तेव्हा होईल. त्याआधी रहिवाशांनी आणि शहरातल्या सगळ्यांनीच या गोष्टींवर नजर ठेवायला हवी.

१. तुमची जागा कोणत्या वर्गात आहे? घर, दुकान किंवा शेजारचं मैदान जीएलआरमध्ये कोणत्या वर्गात नोंदलंय ते माहिती अधिकारात विचारता येतं. बी-३ असेल तर जमिनीचा हक्क कोणाकडे राहणार, हा पहिला प्रश्न.

२. मोकळ्या जागांची यादी. सी वर्गातल्या बागा आणि मैदानं महापालिकेकडे येतील तेव्हा ती बाग म्हणूनच आराखड्यात दाखवली जातात का? प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. ती चुकवली तर पुढे फक्त कोर्टाचा रस्ता उरतो.

३. ए-२ जमिनीचं काय? लष्कराला भविष्यात नको असेल तर ती कोणाकडे आणि कशासाठी जाईल, हे प्रेसिडिओसारखं आधीच लिहून ठेवता येईल का? संरक्षण खात्याकडे देशभरात सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. त्यातली कॅन्टोन्मेंटमधली १.६१ लाख एकरच आहे, पण ती शहरांच्या ऐन मध्यावर आहे. म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

४. झाडांची मोजणी आधी. विलीनीकरणानंतर राज्याची बांधकाम नियमावली लागू झाली की पुनर्विकासाला वेग येईल. मोठ्या आवाराचे बंगले ही तेव्हा सर्वांत मोहाची जागा असेल. आजच प्रत्येक झाडाची नोंद झाली, तर उद्या 'इथे झाड नव्हतंच' असं म्हणता येणार नाही.

५. कागदावर नसलेली माणसं. बंगल्यांच्या मागच्या नोकरवस्तीत दोन-तीन पिढ्या राहिलेली कुटुंबं, बाजारातले पोटभाडेकरू, सफाई कामगारांच्या चाळी. जीएलआरमध्ये यांची नावं नसतात. यांचं सर्वेक्षण विलीनीकरणाआधी झालं पाहिजे. तैपेईत सर्वांत जास्त भोगलं ते अशाच लोकांनी.

६. आवाज कोणाचा? देशातल्या बहुतेक कॅन्टोन्मेंट बोर्डांवर २०२१ पासून लोकांनी निवडून दिलेले सदस्य नाहीत. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निवडणुका रद्द झाल्या. म्हणजे जमिनीबद्दलचे मोठे निर्णय होत असताना रहिवाशांचा प्रतिनिधी टेबलावर नाही. विलीन व्हायचं की नाही यापेक्षाही आधी हा मुद्दा मांडला गेला पाहिजे.

दाआनच्या बागेत आज सकाळी व्यायाम करणाऱ्यांना, झाडाखाली डबा खाणाऱ्यांना खाली कोणाचं स्वयंपाकघर होतं हे ठाऊक असायचं कारण नाही. बाग सगळ्यांची असते, तशीच ती असायला हवी. पण ती करताना घर कोणाचं जाणार आणि त्याला दुसरं घर कुठे मिळणार, हे दोन रकाने भरल्याशिवाय आराखड्यावर हिरवा रंग मारला जाऊ नये. पुण्यात ते रकाने भरायला अजून वेळ आहे.